ग्रंथपालाचे बदलते कार्य व ग्रामीण शिक्षक



शाळाभेटीच्या वेळी मी एक लहानसा परिपाठ पाळीत आलो आहे. हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंद व वर्गपाठ पाहून झाले म्हणजे मी ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली मागतो. ती किल्ली किती वेळात हाती येते, यावरून त्या शाळेतील वाचनाची स्थिती पुष्कळशी कळून येते. काही शाळांत कपाटास कुलूपच नसते. मधल्या सुट्टीत मुले आपल्या हाताने पुस्तक काढतात आणि वहीत नाव लिहून घरी नेतात. काही शाळांत मात्र किल्लीचा शोध सुरू होतो. ती मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते आणि मुख्याध्यापक बैठकीस गेलेले असतात. अखेर दार उघडते, तेव्हा आतील पुस्तकांस अजून छापखान्याचा वास येत असतो.

हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः पुष्कळ वर्षे प्राथमिक शिक्षक होतो आणि ग्रंथालयाचा कार्यभार माझ्याकडे असताना माझेही कपाट बंदच असे. एखादे पुस्तक हरवले तर त्याची भरपाई आपणांस करावी लागेल, ही भीती मनात होती. साठा नोंदवहीतील आकडा व कपाटातील आकडा जुळला म्हणजे ग्रंथपालाचे काम पुरे झाले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत त्या काळीही अपुरी होती. आज तर ती मुलांस अपाय करणारी ठरू पाहत आहे. तो अपाय कसा होतो आणि तो टाळण्यासाठी आपण काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे सांगितले आहे. आपल्या प्राथमिक शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. हे काम एखाद्या शिक्षकाकडे सोपविलेले असते. तेव्हा ग्रंथपालाचे कार्य कसे बदलत आहे, हा प्रश्न शहरातील मोठ्या ग्रंथालयांपुरता नाही. तो तुमचा आमचा प्रश्न आहे.

१. राखणदार आणि वाटाड्या

एके काळी पुस्तक ही अतिशय दुर्मिळ वस्तू होती. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील ख्रिस्तमंदिरात जुने ग्रंथ लोखंडी साखळ्यांनी फळ्यांस जखडून ठेवलेले आजही पाहावयास मिळतात. ग्रंथ हाताने लिहावा लागे, त्यास अपार श्रम व द्रव्य लागे. तो चोरीस गेला तर दुसरा मिळणे कठीण. अशा काळी ग्रंथपाल हा राखणदार असणे स्वाभाविक होते. छपाईमुळे पुस्तके मुबलक झाली, साखळ्या गेल्या. पण राखणदाराची वृत्ती मात्र पुष्कळ काळ टिकून राहिली. आपल्या कपाटाचे कुलूप हे त्या साखळीचेच वंशज म्हणावयास हरकत नाही.

ही वृत्ती मोडून काढण्याचा मोठा प्रयत्न आपल्या देशात बडोदे संस्थानात झाला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सोडल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे विसरली जातात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांची योजना आखविली. बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावी लहान ग्रंथालये, अशी तिची रचना होती. ज्या गावी ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. वाचक पुस्तकाकडे येऊ शकत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हे त्या योजनेचे सार होय.

तिकडे तामिळ प्रदेशात मन्नारगुडी येथे १९३१ साली बैलगाडीतून पुस्तके खेड्यापाड्यांत नेण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक, ही गोष्ट आपण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा आरंभी त्यांस ते काम इतके एकाकी वाटले की, आपणांस पुन्हा वर्गात पाठवावे, अशी विनंती त्यांनी केली होती. पुढे इंग्लंडमधील ग्रंथालये पाहिल्यावर त्यांची दृष्टी पालटली आणि भारतातील ग्रंथालयशास्त्राचे ते जनक ठरले. त्यांचा जन्मदिन म्हणून १२ ऑगस्ट हा दिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या पाच सूत्रांचा आशय थोडक्यात असा : पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे, प्रत्येक वाचकास त्याला हवे ते पुस्तक लाभले पाहिजे, प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक भेटला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, आणि ग्रंथालय हे एखाद्या सजीवाप्रमाणे वाढत व बदलत राहिले पाहिजे. या सूत्रांत ‘पुस्तक’ या शब्दाच्या जागी ‘माहिती’ हा शब्द घालून पाहा. आजच्या ग्रंथपालाचे कार्य जवळजवळ तेथेच सांगितलेले आढळेल. राखणदाराचा वाटाड्या व्हावयाचा, एवढाच त्यांचा मथितार्थ होय.

२. आज काय बदलले?

पूर्वी अडचण टंचाईची होती. आज अडचण पुराची आहे. ज्या गावात पूर्वी ग्रामपंचायतीत एक वर्तमानपत्र येई, त्या गावातील अनेक घरांत आज मोबाइल आहे आणि त्यावर दिवसाकाठी शेकडो संदेश, चित्रे व चित्रफिती येऊन आदळतात. पुराच्या दिवसांत चहूकडे पाणीच पाणी असते, पण पिण्याजोगे पाणी शोधावे लागते, तशी ही स्थिती आहे.

या पुरात पिण्याजोगे पाणीही पुष्कळ आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. वाई येथे सिद्ध होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ते जाडजूड खंड खेड्यातील शाळेस विकत घेणे अवघड होते. आज त्यांतील नोंदी इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. मोल्सवर्थ यांचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे शिकागो विद्यापीठाने संगणकावर शोधता येतील अशा रूपात ठेवले आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकीय प्रतीच्या रूपात मिळतात आणि १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तसेच वाचावयास मिळतात. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपला म्हणजे ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील पाठसाहित्य उघडते. खरगपूर येथील आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशास अर्पण करण्यात आले. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रमय गोष्टी आहेत; त्या छापून वर्गात वापरण्यासही मोकळीक आहे.

इतके सारे असताना आपल्या मुलापर्यंत यांतील काय पोहोचते? आपण वाट दाखविली नाही, तर बहुधा काहीच नाही. मुलाच्या हाती मोबाइल आला म्हणजे जे सर्वांत आधी समोर येते तेच ते पाहते. शोधयंत्राने वर आणून ठेवलेली गोष्ट सर्वांत खरी असते, असेही नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे विचारल्याबरोबर अगदी सफाईदार मराठीत उत्तर देऊ लागली आहेत. ती पुष्कळदा उपयोगी पडतात. परंतु कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक व साल तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. भाषा शुद्ध आहे म्हणून मजकूर खरा आहे, असे मानण्याची आपली जुनी सवय येथे धोक्याची ठरते.

३. माझी एक चूक

हा धोका मला पुस्तकातून कळला नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदनानंतर मी भाषण केले. ‘आपले राष्ट्रगीत जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत असल्याचे युनेस्कोने जाहीर केले आहे,’ असे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. गावकऱ्यांनी टाळ्या वाजविल्या. तो मजकूर मला कोणी तरी मोबाइलवर पाठविला होता. दुसऱ्या दिवशी सातवीतील एका मुलीने वर्गात विचारले, “गुरुजी, ते युनेस्कोचं कुठं लिहिलंय? मला निबंधात घालायचंय.”

मी शोधू लागलो आणि मला ते कोठेही सापडेना. सापडले ते उलटेच. युनेस्कोने अशी कोणतीही घोषणा केलेली नव्हती आणि तसा खुलासा त्या संस्थेने २००८ सालीच केलेला होता. वर्गापुढे उभे राहून मी तसे कबूल केले. मुलगी म्हणाली, “मग निबंधात काय लिहू?” त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोघांनी मिळून शोधले. १९११ सालच्या २७ डिसेंबर रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते गीत प्रथम गायिले गेले आणि २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले, असे तिने लिहिले. खोटा अभिमान गेला व त्याच्या जागी खरी माहिती आली. गीताविषयीचा आदर तसूभरही उणा झाला नाही. परंतु ज्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजविल्या होत्या, त्यांच्यापर्यंत माझी दुरुस्ती पोहोचली की नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

माझ्या चुकीने कोणाचे रक्त सांडले नाही. पण अशाच न पारखलेल्या संदेशाने ते सांडू शकते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांस ठार मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षेवर पोट भरणारी होती. मोबाइलवरील संदेशांतून ही भीती त्या दिवसांत देशभर पसरली होती. तेव्हा फिरत असलेली एक चित्रफीत तर कराची शहरातील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती व्हावी म्हणून तयार केलेली होती. तिच्या शेवटी हे केवळ नाट्य असल्याचा खुलासा होता. तो भाग कोणी तरी कापून टाकला आणि उरलेली चित्रफीत खऱ्या घटनेची म्हणून गावोगावी फिरली.

येथे प्रश्न अक्षरओळखीचा नव्हता. संदेश उघडता येत होते, वाचता येत होते, पुढे पाठविता येत होते. ‘हे मूळ कोणाचे?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय नव्हती. ती सवय लावणे हे काम पोलीस करू शकत नाहीत व सरकारी जाहिरातही करू शकत नाही. ते शाळेचेच काम आहे. आणि शाळेत ते ज्याच्याकडे ग्रंथालयाची किल्ली आहे त्याचे प्रथम आहे.

४. शिक्षक-ग्रंथपालाची पाच कामे

पहिले काम दार उघडे ठेवण्याचे. मोबाइलच्या युगातही छापील पुस्तकाची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. लहान वयात एका जागी बसून एक गोष्ट शेवटपर्यंत वाचण्याचा सराव झाला नाही, तर पुढे लांब मजकुराची पारख करण्याइतके धैर्य येत नाही. पुस्तके फाटतील, हे खरे. फाटलेले पुस्तक हा वाचनाचा पुरावा मानावा. वापरून जीर्ण झालेल्या पुस्तकांची नोंद ठेवून मुख्याध्यापकांमार्फत रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव करता येतो. तो मार्ग असताना भीतीपोटी कपाट बंद ठेवू नये. देवघेव नोंदवही मुलांच्याच हाती द्यावी. सोप्या, मध्यम व कठीण पुस्तकांच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या चिकटवाव्यात, म्हणजे पहिलीतील मूलही आपले पुस्तक आपण शोधू शकते.

दुसरे काम प्रश्न समजून घेण्याचे. कुशल ग्रंथपाल विचारलेल्या प्रश्नामागचा खरा प्रश्न शोधतो. एखादा मुलगा येऊन म्हणतो, “सापाचं पुस्तक आहे का?” त्यास गोष्ट हवी आहे, चित्र काढावयाचे आहे, की कडब्याच्या गंजीत निघालेला साप विषारी होता की नाही हे समजून घ्यावयाचे आहे? “तुला ते कशासाठी हवं आहे?” असे प्रेमाने विचारले म्हणजे खरी गरज कळते. मग नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप आणि बिनविषारी धामण यांतील भेद त्यास दाखविता येतो. तसेच, साप चावलाच तर मोबाइलवर शोधीत न बसता ताबडतोब आरोग्य केंद्र गाठावयाचे असते, हेही सांगता येते. माहिती केव्हा शोधावी व केव्हा शोधण्यात वेळ दवडू नये, हे सांगणे हादेखील वाटाड्याच्या कामाचाच भाग आहे.

तिसरे काम योग्य साधनापर्यंत नेण्याचे. शब्दाचा अर्थ हवा असेल तर शब्दकोश, विषयाची ओळख हवी असेल तर विश्वकोश, ताजी घटना हवी असेल तर वर्तमानपत्र, शासनाचा नियम हवा असेल तर मूळ शासन निर्णय, ही वाटणी मुलांस चौथी-पाचवीपासून शिकविता येते. शाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावावा. डाव्या बाजूस ‘मला काय हवे आहे?’ व उजव्या बाजूस ‘ते कोठे मिळेल?’ असे लिहावे. गावात अथवा शेजारच्या गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असेल, तर त्याचे नावही त्या तक्त्यात असावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली वाचनालये आपल्या राज्यात हजारोंनी आहेत. महिन्यातून एकदा मुलांस तेथे घेऊन जाण्यास खर्च पडत नाही.

चौथे काम पारख शिकविण्याचे. त्याचा नमुना पाठ पुढे दिला आहे.

पाचवे काम गावचे ज्ञान जपण्याचे. माहिती बाहेरून गावात यावयाची, असेच आपण समजतो. परंतु गावाजवळही जगास देण्याजोगे पुष्कळ असते. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण पाहा. गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि आज त्यांतील पुष्कळशा इंटरनेटवर गाणाऱ्या स्त्रीच्या नावागावासह वाचता व ऐकता येतात. आपल्या शाळेतील मुलांनीही शेतांची व पाणवठ्यांची नावे, जुन्या बियाणांची माहिती, दुष्काळाच्या आठवणी वडीलधाऱ्यांस विचारून एका वहीत उतरून घ्याव्यात. कोणी सांगितले व केव्हा सांगितले, हे प्रत्येक नोंदीखाली लिहावे. ज्या मुलाने एकदा अशी नोंद केली, त्यास निनावी संदेशातील उणीव आपोआप जाणवू लागते.

५. नमुना पाठ

इयत्ता : ६ वी. वेळ : एक तासिका. घटक : बातमीची पारख.

उद्दिष्टे : आलेल्या संदेशातील तपासण्याजोगे विधान ओळखणे; चार प्रश्न विचारून ते तपासणे; तपासल्याविना पुढे न पाठविण्याची वृत्ती अंगी बाणणे.

साहित्य : फळा, परिसर अभ्यास व इतिहासाची पाठ्यपुस्तके, शिक्षकाचा एक मोबाइल. मोबाइलला रेंज मिळत नसल्यास विश्वकोशातील नोंद आदल्या दिवशी उतरून आणावी.

प्रस्तावना : “काल तुमच्यापैकी कोणी एखादी बातमी दुसऱ्यास सांगितली? ती तुम्हांस कोणाकडून कळली?” असे विचारावे. दोन-तीन मुलांच्या उत्तरांवरून बातमी कशी हातोहात पुढे जाते, हे फळ्यावर बाण काढून दाखवावे.

हेतुकथन : “आज आपण ऐकलेली बातमी खरी की खोटी हे कसे ठरवावयाचे ते पाहू.”

विषयविवेचन : फळ्यावर पुढील संदेश लिहावा : ‘अभिनंदन! आत्ताच युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीतास जगातील सर्वोत्तम ठरविले. प्रत्येक भारतीयास पाठवा.’ नंतर मुलांकडून चार प्रश्न एकेक करून काढून घ्यावेत.

(अ) हे मूळ कोणी सांगितले? मुले म्हणतील, ‘युनेस्कोने.’ मग विचारावे, “युनेस्कोने सांगितल्याचे आपणांस कोणी सांगितले?” संदेशाखाली कोणाचेच नाव नाही, हे मुलांच्या ध्यानात येईल. युनेस्को म्हणजे काय, हे विश्वकोशातून वाचून दाखवावे. शिक्षण, विज्ञान व संस्कृती यांसाठी १९४५ साली स्थापन झालेली संयुक्त राष्ट्रांची ती संस्था आहे. राष्ट्रगीतांची स्पर्धा घेणे हे तिचे काम असेल काय, यावर चर्चा व्हावी.

(आ) हे केव्हाचे आहे? ‘आत्ताच’ या शब्दाखाली रेघ मारावी. हा संदेश वर्षानुवर्षे ‘आत्ताच’ म्हणून फिरत आहे, हे सांगावे. ज्या बातमीस तारीख नाही, ती कधी शिळी होत नाही व म्हणूनच ती संशयास्पद असते.

(इ) दुसऱ्या विश्वासू ठिकाणी हे आढळते काय? गट पाडून पाठ्यपुस्तकांत राष्ट्रगीताविषयी काय माहिती आहे ते शोधावयास सांगावे. सापडलेली माहिती फळ्याच्या दुसऱ्या बाजूस लिहावी. ‘सर्वोत्तम’ हे मत आहे व ‘१९५० साली स्वीकारले’ ही तपासता येणारी घटना आहे, हा भेद येथे स्पष्ट करावा.

(ई) हा संदेश आपणांकडून काय करवून घेऊ पाहतो? ‘प्रत्येक भारतीयास पाठवा’ हे शब्द मुलांस दाखवावेत. अभिमान, भीती, राग किंवा लोभ यांपैकी एखादी भावना चेतवून जो संदेश घाई करावयास लावतो, त्याच्यापाशी क्षणभर थांबावे.

संकलन : चारही प्रश्न मुलांकडून वदवून घ्यावेत व वहीत लिहून घ्यावेत. शेवटी, ‘ठरविता येत नसेल तर काय करावे?’ असे विचारावे. ‘पुढे पाठवू नये’ हे उत्तर मुलांकडूनच आले पाहिजे.

उपयोजन : प्रत्येक मुलाने घरी अथवा गावात ऐकलेली एक बातमी कागदावर लिहून आणावी आणि तिला हे चार प्रश्न लावून पाहावेत. ज्याच्या घरी मोबाइल नाही, त्याने पारावर ऐकलेली बातमी आणली तरी चालेल. पारख करण्यास मोबाइलची गरज नसते.

पाठ घेताना एक पथ्य पाळावे. मुलाने घरून आणलेली बातमी खोटी निघाली तर त्याच्या वडिलांचे अथवा आजोबांचे हसू होऊ देऊ नये. “आपण सर्वच फसतो, गुरुजीही फसले होते,” असे सांगावे. लाज वाटली म्हणजे मनुष्य तपासणे सोडून देतो व चूक लपवू लागतो. तसेच एखादा समाज, पंथ अथवा व्यक्ती यांच्याविषयीची वादग्रस्त बातमी पहिल्या पाठास घेऊ नये. सवय लागली म्हणजे अवघड उदाहरणे आपोआप सोपी होतात.

६. अडचणी

आपल्या अडचणी मला ठाऊक आहेत. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून हे करावयाचे असते. अहवालांचे काम कमी नाही. डोंगरातील वाड्यावस्त्यांवर रेंज मिळत नाही. यास्तव नवे काही जादा काम म्हणून हे घेऊ नये. भाषेच्या तासिकेत, परिपाठाच्या वेळी, परिसर अभ्यासाच्या पाठात हे चार प्रश्न मिसळून टाकावेत. परिपाठात वर्तमानपत्रातील बातमी वाचणाऱ्या मुलाने वर्तमानपत्राचे नाव व तारीख आधी सांगावी, एवढा नियम केला तरी निम्मे काम होते. वर्षातून एकदा, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी, पालकांसमोर मुलांनीच ‘बातमीची पारख’ करून दाखवावी. मुलांच्या तोंडून ऐकलेले गाव लवकर मान्य करते.

आणखी एक दक्षता घ्यावी. ग्रंथपाल वाचकाची माहिती चव्हाट्यावर मांडीत नाही, ही त्या व्यवसायातील जुनी नीती आहे. मुलांची नावे, छायाचित्रे, गुणपत्रके पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मोबाइल गटावर टाकू नयेत. एकदा गेलेली वस्तू परत आणता येत नाही.

७. केंद्रातील शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या शाळेच्या कपाटातील पुस्तकांपैकी गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली? न गेलेली पुस्तके का गेली नाहीत?

(२) गेल्या आठवड्यात आपण स्वतः न तपासता पुढे पाठविलेला एक संदेश आठवा. त्यास वरील चार प्रश्न लावले असता काय आढळते?

(३) मुलांच्या साहाय्याने आपल्या गावातील कोणते ज्ञान पहिल्यांदा नोंदवून ठेवावे?

शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. पुढच्या शाळाभेटीतही मी किल्ली मागणारच आहे. परंतु ती सापडली म्हणून माझे समाधान होणार नाही. एखाद्या मुलाने माझ्याकडे वळून, “साहेब, तुम्ही सांगितलंत ते कुठं लिहिलंय?” असे विचारले, तर त्या शाळेस ग्रंथपाल लाभला आहे, असे मी समजेन. त्या मुलीचा प्रश्न मला एकदा वेळेवर भेटला. तो प्रत्येक गावास वेळेवर भेटावा, हीच आपणां सर्वांकडून अपेक्षा आहे.